संगणकांची इर्जिक
(इयत्ता ४ थी)

आमचे आजोबा सांगतात, पूर्वी गावात इर्जिक घालायचे. सगळ्यांची औतं एकाच्या रानात यायची. आठ दिवसांची नांगरट एका दिवसात उरकायची. संगणकांचीही अशीच इर्जिक असते. तिला क्लस्टर म्हणतात.

१९९४ साली अमेरिकेत नासा संस्थेतील थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे संगणक तारांनी जोडले. मोठ्या गणिताचे तुकडे करून ते सर्वांना वाटून दिले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्का’ हा महासंगणक सुरू झाला. तोही पुष्कळ संगणक जोडून केला आहे. त्यावर पावसाचा अंदाज काढतात. त्यासाठी नकाशाचे लहान लहान भाग पाडतात. २०२५ पासून हे भाग ६ किलोमीटरचे झाले. प्रत्येक संगणक आपल्या वाट्याच्या भागांचं वारा, उष्णता, बाष्प यांचं गणित करतो. पण शेजारचा वारा बांध ओलांडून येतोच ना? म्हणून तो शेजाऱ्याला सारखं विचारतो. एक मागे राहिला तर बाकीचे खोळंबतात.

एकट्या संगणकाने हे गणित केलं तर उत्तर येईपर्यंत पाऊस पडूनही जाईल! अंदाज वेळेवर कळला तर पेरणी कधी करायची ते ठरवता येतं. महागाचं बी वाया जात नाही. म्हणून सर्व पालकांनी पेरणीआधी अंदाज जरूर ऐकावा.