'म' पाहून धावलेला मुलगा

धामणगाव बढे येथील बसथांब्यावरची ही गोष्ट आहे. आमच्या शाळेतील पहिलीचा एक मुलगा आईबरोबर मोताळ्याला निघाला होता. मीही तेथेच उभा होतो. बस आली. पाटीवर 'म' दिसताच मुलगा धावत सुटला. आईने त्याला मागे ओढले. ती बस मलकापूरची होती!

आई रागावली; मला मात्र कौतुक वाटले. त्याला मराठी वाचता येत नव्हते, तरी 'म'ची आकृती त्याने ओळखली होती. तीही डाव्या टोकाला! उर्दू वाचणारी आपली नजर आधी उजवीकडे जाते, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन्ही गावांची नावे लिहिली व मुलांना फरक शोधायला लावला. मग आम्ही गावात फिरलो. टपालपेटी, दवाखान्याची खूण, दुकानांच्या पाट्या पाहिल्या. परत येऊन मुलांनी रस्त्याचे चित्र काढले. कोणी शाळेपेक्षा बकरी मोठी काढली!

लहानपणी असे पाहिलेले पुढे नकाशा वाचताना उपयोगी पडते. बुलढाणा जिल्ह्यात 13 तालुके आहेत. नकाशातील नावे झाका आणि ओळखा : उत्तरेला सातपुडा, पश्चिमेकडे आपला मोताळा, आग्नेयेला लोणार. तेथील गोल सरोवर उल्केच्या आघाताने झाले आहे. भाषा कोणत्याही बाजूने वाचा, नकाशात पूर्व उजवीकडेच असते.

तो मुलगा आता थांब्यावर आईलाच सांगतो, "अम्मी, थांब. हिच्या 'म'वर मात्रा नाही."