पडवीतील जावा

भुशीचा पाऊस प्रसिद्ध आहे. आषाढ लागला, की इंद्रायणीवरील धरण भरून वाहू लागते आणि त्याच्या पायऱ्यांवरून कोसळणारे पाणी पाहण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे लोटतात. हे धरण मौजेसाठी बांधलेले नाही, ही गोष्ट त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी सुरू झाली. तिच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकरिता ते पुढे बांधण्यात आले. जवळच आय. एन. एस. शिवाजी ह्या संस्थेत नौदलाच्या यंत्रविद्येचे शिक्षण दिले जाते. यंत्रांशी ह्या गावाचा संबंध असा जुना आहे. परंतु ज्या पावसाने धरण भरते, तोच पाऊस लोखंडाचा वैरी होय.

ह्या गावातील एका घराच्या पडवीत गोणपाटाखाली एक मोटारसायकल उभी होती. चाळीसांहून अधिक पावसाळे तिने तसेच काढले होते. ती होती १९६८ सालची जावा. ‘जावा’ हे नाव बेटाचे नव्हे. चेकोस्लोव्हाकियातील यानेचेक ह्या कारखानदाराने ‘वाँडरर’ नावाची जर्मन मोटारसायकल तयार करण्याचे हक्क विकत घेतले आणि १९२९ साली दोन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून हे नाव बनविले. पुढे रुस्तुम इराणी ह्यांनी म्हैसूर येथे कारखाना उभारला. तेथे १९६१ पासून ह्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ च्या सुमारास त्यांना ‘येझदी’ हे नाव मिळाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला.

एके दिवशी दारी भंगारवाला आला. घरातील मुलगा म्हणाला, “बाबा, देऊन टाकू या. पडवी तरी मोकळी होईल.” वडील निवृत्त फिटर होते. त्यांनी काही उत्तर दिले नाही. सातवीत शिकणारी नात मात्र गोणपाट उचलून आत डोकावली आणि म्हणाली, “आजोबा, हिला दोन सायलेन्सर आहेत. म्हणजे इंजिनेही दोन का?”

“नाही गं. सिलिंडर एकच, धूर जाण्याच्या वाटा दोन,” आजोबा म्हणाले. आणि भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला.

काम सुरू झाले, ते पान्याने नव्हे, तर वहीने. कोणताही भाग सोडविण्यापूर्वी नातीने त्याचे चित्र काढायचे, नट व वायसर एका डबीत ठेवायचे आणि डबीवर नाव लिहायचे, असा आजोबांचा दंडक होता. खोलणे सोपे असते. अडचण येते ती जोडताना.

इंजिन जाम झाले होते. आजोबांनी प्लग काढून त्या भोकातून रॉकेल व तेल ह्यांचे मिश्रण आत सोडले आणि रोज सकाळी किकची तरफ अगदी हलक्या हाताने दाबून पाहिली. ह्या गाडीत किक आणि गिअर ह्यांसाठी डाव्या बाजूस एकच तरफ असते. ती आत दाबून मागे फिरविली की किक होते. आठ दिवस ती तसूभरही हलली नाही. मुलाने हातोडी सुचविली, ती आजोबांनी मानली नाही. नवव्या दिवशी तरफ किंचित खाली गेली.

मधल्या काळात नातीने पेट्रोलची टाकी हाती घेतली होती. आतील गंजाचे पापुद्रे सोडविण्यासाठी तिने गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून टाकीत भरले, दुसऱ्या दिवशी ते ओतून दिले आणि टाकी स्वच्छ पाण्याने धुतली. आतला पत्रा रुप्यासारखा दिसू लागला. ती आनंदाने झोपी गेली. सकाळी पाहते, तो आत पुन्हा तांबूस थर! आम्लाने उघडा पडलेला पत्रा भुशीच्या दमट हवेत एका रात्रीत गंजला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या खेपेस तिने आम्लाचा अंश मारण्यासाठी सोड्याच्या पाण्याने टाकी विसळली, केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब देऊन ती तत्काळ कोरडी केली आणि आत तेल फिरविले. पेट्रोलच्या टाकीजवळ विस्तव नेऊ नये, हे सांगण्याची तिला गरज पडली नाही.

मग सिलिंडर वर उचलला गेला आणि पिस्टन उजेडात आला. गंज होताच, पण पिस्टनच्या अंगावर वरून खाली उभे, खोल ओरखडे होते.

“आजोबा, गंज असे ओरखडे काढतो?” नातीने विचारले.

आजोबा बराच वेळ पिस्टन हातात फिरवीत राहिले. “गंजाचे नव्हेत ते, बाळ. माझे आहेत.”

ते सांगू लागले. जावाचे इंजिन दोन धावांचे असते. त्याला पोटातील भागांसाठी निराळे वंगण नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, एका लिटरला सुमारे ४० मिलिलिटर. पेट्रोल आत गेले तरच तेलही आत जाते. १९८१ साली तरुणपणी ते वडिलांची गाडी घेऊन घाट उतरत होते. पेट्रोल वाचावे म्हणून त्यांनी उतारभर मूठ पूर्ण मिटून ठेवली. गाडी गिअरमध्ये असल्यामुळे चाके इंजिनाला वेगाने फिरवीत होती. पण आत तेलाचा थेंब जेमतेम जात होता. कोरडा पिस्टन तापला, फुगला आणि सिलिंडरला घासून अडकला. गाडी टेंपोतून घरी आली. आठच दिवसांपूर्वी लोणावळ्यातील एका मिस्त्रीने ते इंजिन खोलले होते. वडिलांनी सगळा दोष त्याच्या माथी मारला आणि त्याच्याशी बोलणे टाकले. मुलगा गप्प राहिला.

“तुम्ही खरे का नाही सांगितले?” नात म्हणाली.

“भीती वाटली. मग लाज वाटली. मग वडीलच राहिले नाहीत.”

दुसऱ्या दिवशी आजोबा पिस्टन कापडात गुंडाळून लोणावळ्यास गेले. नात बरोबर होती. मिस्त्री आता फार थकले होते. त्यांनी चष्मा लावून ओरखड्यांवरून अंगठा फिरविला. “घाटात मूठ मिटली होतीस,” ते म्हणाले.

“होय, दादा. चूक माझी होती. बोल तुम्हाला लागला.”

म्हाताऱ्याने पिस्टन परत दिला. “तुझ्या वडिलांनी एकदा आणून दाखवला असता, तर मी तेव्हाच सांगितले असते,” एवढेच ते बोलले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “पॉइंट कोण बसवणार आहे?”

पुढचे काम वेगाने झाले. सिलिंडर बोअर करून घेतला आणि पुण्याच्या नाना पेठेतून मापाचा मोठा पिस्टन आणला. त्याच्या खाचांत बारीक खुंट्या असतात. रिंगेची टोके त्या खुंट्यांशीच बसवावी लागतात, नाहीतर रिंग फिरते आणि सिलिंडरच्या झरोक्यात अडकून मोडते. सायलेन्सरमधील काजळी खरवडली. ब्रेकचे गुटखे, तारा, टायर, सहा व्होल्टची बॅटरी, सारे नवे आले. मिस्त्री रिक्षाने भुशीस आले आणि त्यांनी पॉइंटमधील फट स्वतः लावून दिली; ती ०.४ मिलिमीटर असावी लागते. टाकीचा किरमिजी रंग गुडघ्यांपाशी उडाला होता. तो तसाच ठेवावा, असे नातीने ठरविले. नव्या रंगाने गाडी देखणी दिसली असती खरी, पण तिचे ठरविणे योग्यच होते.

नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि विमा ह्यांत दोन महिने गेले. त्याविषयी न बोललेले बरे.

थंडीच्या एका सकाळी आजोबा व नात शिरस्त्राणे घालून निघाली. द्रुतगती महामार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने त्यांनी जुना रस्ता धरला. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता खाली उतरतो. शिंग्रोबाच्या देवळापाशी आजोबा थांबले. घाटाची वाट इंग्रजांना दाखविणारा धनगर म्हणून लोक शिंग्रोबाची आठवण ठेवतात. तेथून पुढे उतार तीव्र होतो. आजोबांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घातली, दोन्ही ब्रेक आळीपाळीने वापरले आणि दर थोड्या अंतराने मूठ किंचित उघडून मिटली. प्रत्येक वेळी मागून निळसर धुराची एक लहानशी रेघ निघे.

“तेल गेले,” मागे बसलेली नात दर वेळी म्हणे.

खोपोलीस पोचल्यावर आजोबांनी इंजिनाच्या पंखांजवळ तळहात धरला आणि मान डोलाविली. परतीच्या चढाला लागण्यापूर्वी टाकीत चार लिटर पेट्रोल घेतले. तेलाचे माप नातीने स्वतः मोजून ओतले.