चार अक्षरांच्या पुढे

कॉलेजात समुपदेशन करताना हल्ली मुलं खुर्चीत बसायच्या आधीच सांगतात, ‘मॅडम, मी आयएनएफपी आहे.’ व्यक्तिमत्त्व चाचणीतल्या या चार अक्षरांत स्वत:बद्दल बोलायला त्यांना एक शब्द सापडलाय, याचा मला आनंदच होतो. पुढचं काम मात्र तिथून सुरू होतं.

१. ‘तू अंतर्मुख आहेस का?’ असं मी विचारत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख हा भेद मांडला तो मनाचा ओढा आत आहे की बाहेर, यावरून. लाजरेपणाशी त्याची गल्लत फार होते. एकांकिकेत रंगमंच गाजवणारी मुलं प्रयोगानंतर एकटी बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून माझा प्रश्न एवढाच : दिवसभर माणसांत राहिल्यावर तरतरी येते की थकवा?

२. वर्णन पटलं म्हणून ते खरं धरू नये. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने चाचणी घेऊन सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन दिलं, तेही बहुतांशी ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेलं. अचूकतेला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले! हा प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आपण फार बदललेलो नाही. निकालातल्या प्रत्येक वाक्यासाठी गेल्या आठवड्यातला एक प्रसंग आठवायचा. नाही आठवला, तर वाक्य खोडायचं.

३. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन टोकांच्या मधेच कुठेतरी असतात.

४. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दासबोधाच्या दुसऱ्या दशकाने. तिथे मूर्खलक्षणं आहेत, रज-तम-सत्त्व या गुणांचे वेगवेगळे समास आहेत आणि शेवटी पढतमूर्ख आहे. वाचताना आधी शेजारी आठवतो, मग नातेवाईक. आपण आठवायला बराच वेळ लागतो. समर्थांनी मूर्खलक्षणं सांगितली ती टाकण्यासाठी. आजच्या चाचणीतून ‘मी असा आहे’ एवढं हाती लागतं आणि तिथेच थांबायचा मोह होतो. ‘माझा स्वभावच तसा’ हे वाक्य माझ्या खोलीत रोज ऐकू येतं. त्यावर मी विचारते, यातलं ठेवायचं काय आणि टाकायचं काय?

५. चाचणी जरूर द्या. मग तीच प्रश्नावली घरातल्या एखाद्या माणसाला तुमच्याबद्दल भरायला सांगा. आई, भाऊ, नवरा, कोणीही चालेल. जिथे दोघांची उत्तरं जुळणार नाहीत, त्या प्रश्नांवर शांतपणे बोलायला बसा.