बुश बदला, पण कोणता आणि कुठला?

घाटात चालवायला अजून मजा येते, एवढ्या एका कारणासाठी मी जुनी एस्टीम ठेवली आहे. मारुतीने ती १९९४ ते २००७ या काळात विकली. अंगाने हलकी, १.३ लिटरचं इंजिन. पण ताम्हिणीच्या वळणावर ती आधी झुकायची, मग वळायची. बारीक खड्ड्यांत खालून टक-टक यायची. स्टॅबिलायझर बारचे बुश गेले होते, हे निदान बरोबर होतं. पुढचा सल्ला मात्र महागात पडला. “रबर कशाला साहेब, पॉलियुरेथेनचे टाकू, जन्मभर बघायला नको,” गॅरेजवाला म्हणाला. हा जन्म पहिल्या पावसाळ्यातच संपला.

गाडी झुकली की स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि झुकण्याला विरोध करतो. बुशचं रबर झिजलं की बार आधी त्या पोकळीत हलतो, मग पिळायला लागतो. नवे बुश ही पोकळी भरतात, बस्स. बारचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २१चा बार घातला तर २१-२२ टक्के फरक पडतो. नुसत्या बुशमधून तेवढी अपेक्षा धरू नका.

एस्टीममध्ये आणखी एक भानगड आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत बारच्या टोकाला वेगळा लिंक रॉड असतो. इथे बारचं टोक थेट लोअर आर्ममधून आरपार जातं आणि ब्रेक दाबल्यावर चाक मागे सरकू नये याची जबाबदारीही त्याच बारवर असते. चाक वरखाली होताना या टोकाच्या बुशला सगळ्या बाजूंनी वाकावं लागतं. रबर वाकतं. कडक पॉली वाकत नाही आणि तो ताण बारच्या आट्यांवर आणि आर्मवर जातो. माझ्या गाडीत बारला मध्ये धरणाऱ्या डी-बुशबरोबर टोकांचेही कडक बसवले गेले. सुरुवातीला स्टीयरिंग झकास वाटलं. मग काँक्रीट रस्त्याचा प्रत्येक सांधा सीटमध्ये जाणवू लागला. पावसाने ग्रीस धुऊन नेल्यावर अशी चूं-चूं सुरू झाली, की सोसायटीच्या वॉचमनला गेट उघडायला हॉर्न लागेना. खोललं तर बुशच्या कडेला अडकलेल्या रेतीने बार घासून चकचकीत केला होता.

म्हणून माझं मत: टोकांना कंपनीचं रबरच हवं. हौस असेल तर पॉली फक्त मधल्या डी-बुशला, तेही भरपूर सिलिकॉन ग्रीस लावून आणि ते पुन्हा लावायची तयारी ठेवून. रबराला मात्र साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

दुकानात “एस्टीमचे बुश द्या” एवढं म्हणून भागत नाही. बुश बसतो तिथला गंज पॉलिश पेपरने काढा आणि व्हर्नियरने जाडी मोजूनच माल घ्या. ढिला बसला तर टक-टक कायम, घट्ट बसला तर बार जखडतो. समुद्राकाठच्या गाडीत ब्रॅकेटचे बोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. आतला वेल्ड केलेला नट फिरला, तर त्याचं काम बुशपेक्षा कितीतरी महाग जातं.

काम करताना पुढची दोन्ही चाकं सारखी उचललेली हवीत, नाहीतर बार पिळलेलाच राहतो. बुश जोडीनेच बदला. जुन्या बुशची चीर ज्या दिशेला होती, त्याच दिशेला नव्याची ठेवा. बोल्ट हाताने लावून घ्यायचे आणि शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करायचं. इथेच बहुतेक गॅरेज घाई करतात, तेव्हा समोर उभं राहा. टोकाच्या नटाची स्प्लिट पिन नवी घाला. या गाडीत चाकाची पुढे-मागेची जागा बारच धरतो, त्यामुळे अलाइनमेंट करूनच गाडी बाहेर काढा.

आणि एवढं करूनही टक-टक राहिली, तर बुशवर आणखी खर्च करू नका. स्ट्रट माउंट आणि बॉल जॉइंट तपासायला सांगा.