व्हायरस नव्हता, पासवर्डची मुदत संपली होती

ऐन जीएसटीच्या वीस तारखेच्या तोंडावर ऑफिसातला टॅलीचा कॉम्प्युटर मला घरून रिमोट डेस्कटॉपने आत घेईना. देखभालीचं कंत्राट घेतलेले गृहस्थ आले, दार लावून बसले आणि 'व्हायरस होता मॅडम, तुम्ही लोक काहीही उघडता' असं स्टाफसमोर ऐकवून गेले. जाताना 'सुरक्षेसाठी' नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. कंत्राटाबाहेरचं काम म्हणून वेगळी पावतीही फाडली.

दीडेक महिन्याने पुन्हा तेच. या खेपेला फोनवरच निकाल: 'फॉरमॅट मारावं लागेल.'

मी सरळ ऑफिस गाठलं आणि त्या कॉम्प्युटरसमोर बसून लॉगिन केलं. पडद्यावर स्वच्छ लिहून आलं, पासवर्डची मुदत संपली आहे, बदला. जुना टाकला, नवा दिला, आत गेले. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूजर' आणि पुढे खात्याचं नाव टाकलं. 'पासवर्ड लास्ट सेट' समोर आजची तारीख, 'पासवर्ड एक्स्पायर्स' समोर 42 दिवसांनंतरची. ड्रॉवरमधून ती पावती काढली. 'व्हायरस काढला' असं लिहिलेलं, आणि खालच्या तारखेपासून मोजलं तर बरोबर 42 दिवस भरत होते! म्हणजे दार लावून त्यांनी केलं काय, तर पासवर्ड बदलला.

42 दिवस ही विंडोजची मूळ मुदत. अ‍ॅडमिनचं जे खातं मी वापरते, ते त्यांनीच कमांड देऊन उघडलं होतं. अशा खात्याला ती आपोआप चिकटते.

ही मुदत काढायला, विंडोज प्रो असेल तर 'लोकल यूजर्स अँड ग्रुप्स'मध्ये त्या खात्याच्या 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'वर खूण करा. होम आवृत्तीत ती खिडकीच नाही. तिथे पॉवरशेलमधली 'सेट-लोकलयूजर' कमांड चालते. कंपनीच्या डोमेनवरचं खातं असेल तर हात लावू नका, तिथे सर्व्हरचाच नियम चालतो. तारीखही बघा, मदरबोर्डवरचा सेल गेला की घड्याळ भरकटतं आणि मुदतीचा हिशेबही.

पासवर्ड बदलला की टास्क शेड्यूलर उघडाच. रात्रीच्या बॅकअपमध्ये जुनाच पासवर्ड साठवलेला असेल, तर बॅकअप गुपचूप बंद पडतो. आमचा पडला होता, पहिल्याच 'दुरुस्ती'पासून! दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून जबरदस्तीने रीसेट करणं शेवटचा उपाय. विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या फाइल्स त्यात कायमच्या जाऊ शकतात.

मुदत काढली म्हणजे सुरक्षा गेली, असं कोणी घाबरवेल. खुद्द मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची शिफारस आपल्या सुरक्षा-निकषांतून काढून टाकली. पासवर्ड मात्र लांबलचक ठेवा, आणि बॅकअप घेत जा, हे काय सांगायला हवं!

पावतीवर नेमकं काय केलं ते लिहून घ्या. आमच्या गृहस्थांना ती पावती दाखवली, तर म्हणाले, 'तेच तर मी म्हणत होतो.' कंत्राट आता दुसऱ्याकडे आहे.