पाचव्या पोर्टवरची एसएसडी

घरच्या सर्व्हरसाठी मी एचपीचा प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन 8 वापरतो. 2013 साली आलेलं हे यंत्र आता जुन्या बाजारातच मिळतं, पण साधारण 23 सेंटिमीटर रुंद डब्यात साडेतीन इंची डिस्कच्या चार जागा आणि ईसीसी मेमरी अशी सोय क्वचितच एकत्र सापडते. त्या चार डिस्कवर आमच्या घरातले फोटो आहेत, आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग आहे. यातली एकही जागा ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायला माझं मन घेत नाही. म्हणून वर, सीडी ड्राइव्हसाठी ठेवलेल्या फटीत, पाचव्या साटा पोर्टवर एक छोटी एसएसडी बसवली. पुढे मित्रमंडळींकडेही हेच काम करत गेलो. त्यातून कळलेल्या गोष्टी इथे मांडतो.

1. फोटो भराभर कॉपी होतील या आशेने एसएसडी घेऊ नये. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला फार तर 118 एमबी जातात, आणि तेवढा वेग आजची चांगली हार्ड डिस्कही देते. फरक पडतो तो बारीकसारीक वाचनात. नेमक्या जागी पोचायला हार्ड डिस्कला दर वेळी दहाएक मिलिसेकंद लागतात. एसएसडीला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरे होतो. फोटोंच्या अ‍ॅपमध्ये एखादं जुनं वर्ष उघडलं की शेकडो थंबनेल आणि डेटाबेसच्या नोंदी एकदम मागवल्या जातात. त्या एसएसडीवर असल्या की वाट बघावी लागत नाही. तेव्हा सिस्टिमबरोबर डेटाबेस आणि थंबनेलही तिथेच ठेवावेत, मूळ फोटो मोठ्या डिस्कवर. सिस्टिमचं सततचं लिहिणं मोठ्या डिस्कवरून हललं की त्यांना रात्री फिरायचं थांबवता येतं. नुसती फिरत राहिली तरी एकेक डिस्क चार-पाच वॅट खाते.

2. पोर्टच्या वेगाची काळजी करू नये. या यंत्रात पहिल्या दोन जागा 6 गिगाबिटच्या, उरलेल्या दोन आणि सीडी ड्राइव्हचा पोर्ट 3 गिगाबिटचा. वरच्या कलमातलं गणित पाहिलं तर 3 गिगाबिट भरपूर झाले.

3. या कामात जपायचं ते विजेच्या केबलला. सीडी ड्राइव्हसाठी आत येणारी वीज फ्लॉपी ड्राइव्हच्या चार पिनांच्या छोट्या कनेक्टरवर येते, आणि एसएसडीला साटाचा पंधरा पिनांचा चपटा कनेक्टर लागतो. मधे जोडकेबल घालण्यावाचून इलाज नाही. तिचं साटाचं टोक दोन तऱ्हेचं मिळतं. एकात तारा प्लास्टिकच्या साच्यात ओतून बंद केलेल्या असतात. दुसऱ्यात प्रत्येक तार आपापल्या खाचेत दाबून बसवलेली असते आणि मागचं टोपण उघडून ती बघता येते. साच्यातल्या तारा आतल्या आत सरकल्या तर 12 व्होल्टची आणि ग्राउंडची तार एकमेकींना टेकते, प्लास्टिक वितळतं, पेटही घेतं. मी साच्यातली केबल कुणाच्याच घरी बसवत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्यायला गेलात तर टोपण उघडून तारा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

केबल घरी आली की मल्टीमीटर काढावा. एसएसडी न लावता सर्व्हर चालू करायचा, टोपण उघडायचं, काळा प्रोब काळ्या तारेच्या खाचेत आणि लाल प्रोब लाल तारेच्या खाचेत मागून टेकवायचा. आकडा 5 व्होल्टच्या आसपास दिसला पाहिजे, पिवळ्या तारेवर 12. अडीच इंची एसएसडी 5 व्होल्टवर चालते. फ्लॉपीचा कनेक्टर मात्र जोर लावला तर उलटाही बसतो, एक पिन सरकूनही बसतो. उलटा बसला तर 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जाऊन एसएसडी तिथल्या तिथे मरते. या तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. ती झाल्याशिवाय मी पुढे जात नाही.

4. एसएसडी बसवायला महागड्या कॅडीची गरज नाही. आत फिरणारं काही नाही, वजन नगण्य, त्यामुळे वेल्क्रोची पट्टी पुरते. डबल साइड टेप मे महिन्याच्या उकाड्यात सैल पडतो. स्क्रू लावायचेच असतील तर एम3 मापाचे, आखूड. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. ते घुसवले की एसएसडीचे आटे गेलेच.

5. सिस्टिम इन्स्टॉल करताना चारही डिस्क पुढे ओढून ठेवाव्यात. ट्रे बोटभर बाहेर आला तरी संपर्क तुटतो, केबल काढायची गरज नाही. फॉरमॅटच्या यादीत एकच नाव दिसत असेल तर चुकीचं नाव निवडायची भीतीच उरत नाही. त्याआधी प्रत्येक ट्रेवर त्यातल्या डिस्कचा सीरियल नंबर लिहून चिकटवावा. आणि लिनक्सच्या एफएसटॅब फाइलमध्ये एसडीए, एसडीबी असली नावं न घालता डिस्कचा यूयूआयडी घालावा, कारण डिस्क परत आत गेल्या की ही नावं बदलतात.

6. खरी परीक्षा यानंतरची. चारही जागा रिकाम्या असताना सर्व्हर पाचव्या पोर्टवरून व्यवस्थित सुरू होतो. डिस्क आत सरकवल्या की एएचसीआय मोडमध्ये बायोस त्या डिस्ककडेच बघतो, आणि पाचव्या पोर्टवरून बूट करा असं सांगायला त्यात पर्यायच नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे यंत्रातला बी120आय रेड कंट्रोलर चालू करून एकट्या एसएसडीचं रेड 0 बनवायचं आणि बूटसाठी ते निवडायचं. दुसरा म्हणजे मदरबोर्डवरच्या मायक्रोएसडी खाचेत कार्ड घालून त्यावर फक्त ग्रब बूटलोडर आणि बूटचा भाग ठेवायचा. तिथून सुरुवात झाली की बाकी सगळी सिस्टिम एसएसडीवरून चालते. मला दुसरा आवडतो. एसएसडी कंट्रोलरच्या मांडणीत अडकत नाही, उद्या दुसऱ्या यंत्रात लावली तरी लगेच वाचता येते. कार्डावर फारसं लिहिलंही जात नाही, फक्त कर्नल अपडेट होईल तेव्हाच, त्यामुळे ते टिकतं. तरी त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर काढून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी. एनव्हीएमईची एसएसडी पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवणाऱ्यांनाही हाच कार्डाचा रस्ता धरावा लागतो, कारण या यंत्रात यूईएफआय नाही.

7. एसएसडी लिहून लिहून झिजेल ही धास्ती पुष्कळांना असते. किंग्स्टनच्या ए400 मालिकेतल्या 240 जीबीच्या साध्या एसएसडीची लेखनमर्यादा 80 टीबी दिलेली आहे. रोज 10 जीबी लिहिले तरी वर्षाला 3.65 टीबी होतात, म्हणजे वीस वर्षांहून जास्त. आठवड्याला एकदा एफएसट्रिम चालतंय ना, एवढं बघावं. भीती वेगळीच आहे. हार्ड डिस्क पुष्कळदा आधी कुरकुरते, अडखळते. एसएसडीचा कंट्रोलर गेला की ती काहीच न सांगता दिसेनाशी होते. म्हणून सेटिंग आणि डेटाबेसची प्रत रोज रात्री मोठ्या डिस्कवर गेलीच पाहिजे. एवढं केलं की नवी एसएसडी आणून सगळं परत उभं करणं एका संध्याकाळचं काम.

8. लाइट जाणं हे आपल्याकडचं रोजचं दुखणं. लिहिता लिहिता वीज गेली तर बचावासाठी लागणारे कपॅसिटर स्वस्त एसएसडीत नसतात, आणि नेमका डेटाबेस अर्धवट राहतो. घरात इन्व्हर्टर असला तर त्यावर यूपीएस मोडचा खटका आहे का ते पाहून तो चालू करावा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला इतका वेळ लागतो की सर्व्हर रीस्टार्ट होऊ शकतो. सर्व्हरसाठी वेगळा छोटा यूपीएस घेतला तर उत्तमच. त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून एनयूटी हे सॉफ्टवेअर बसवलं की बॅटरी खाली येताच सर्व्हर आपणहून नीट बंद होतो. मात्र दुकानातच यूपीएसची मागची बाजू बघून घ्या, कारण कमी किमतीच्या पुष्कळ मॉडेलना यूएसबी पोर्टच नसतो.