धरलं कोणी, सोडणार कोण?

अगं, कंपनीच्या सी-प्लस-प्लस ॲपमध्ये व्ही-एट हे जावास्क्रिप्ट इंजिन बसवायचं काम तुझ्याकडे आलंय हे ऐकून मनापासून आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. आनंद यासाठी की असं काम नव्या मुलीला सहसा देत नाहीत. काळजी यासाठी की या कामात कोड पहिल्याच आठवड्यात चालतो, डेमो सुरेख होतो आणि घोळ बाहेर येतो तो दोन महिन्यांनी, ग्राहकाच्या मशीनवर. तेव्हा सिएटलला तुझं बस्तान नीट बसायच्या आतच काही गोष्टी कानावर घालते.

मूळ भानगड अशी की एकाच प्रोसेसमध्ये दोन रीती नांदतात. सी-प्लस-प्लसमध्ये ज्यानं मेमरी घेतली त्यानं ती परत करायची, आणि कधी करायची तेही ठरलेलं. जावास्क्रिप्टमध्ये कोणी काही परत करत नाही. गार्बेज कलेक्टर त्याच्या सवडीनं येतो, कुठल्या ऑब्जेक्टपर्यंत अजून पोचता येतं ते तपासतो आणि बाकीचे साफ करतो. शिवाय जे उरतात त्यांना जागचं हलवतो. म्हणून ऑब्जेक्टचा कच्चा पत्ता पॉइंटरमध्ये धरून ठेवायचा विचारच मनातून काढून टाक. त्यासाठी हँडल असतं. ऑब्जेक्ट हलला की इंजिन हँडलमागचा पत्ता स्वतः बदलतं.

हे नंतर बघू असं म्हणू नकोस. फायरफॉक्सच्या स्पायडरमंकीत पूर्वी कलेक्टर सी-प्लस-प्लसचा स्टॅक अंदाजानं चाळायचा आणि पत्त्यासारखं जे दिसेल ते जिवंत धरायचा. ऑब्जेक्ट हलवता यावेत म्हणून मोझिलाला सगळ्या कोडमधले कच्चे पॉइंटर काढून तिथे रूटेड आणि हँडल आणावे लागले, आणि कुठे काही सुटलं का ते शोधायला वेगळं स्टॅटिक ॲनालिसिस लिहावं लागलं. एवढं सगळं केल्यावर २०१४ मध्ये, फायरफॉक्स ३२ मध्ये, त्यांचा जनरेशनल कलेक्टर आला. तुझा कोड आज कोरा आहे, तोवरच ही शिस्त स्वस्तात लागेल.

आता एक उदाहरण नीट बघ. लाख ओळींची फाइल आहे, आणि प्रत्येक ओळीचा जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट करून तू तो स्क्रिप्टमधल्या फंक्शनला देतेस. सुरुवातीला एक हँडलस्कोप उघडलास, खाली लूप. प्रत्येक फेरीत एक लोकल हँडल तयार होतं. सी-प्लस-प्लसच्या दृष्टीनं ते फेरी संपली की गेलं, पण इंजिनच्या वहीत ते बाहेरच्या हँडलस्कोपच्या नावावर तसंच राहतं. स्कोप बंद होईपर्यंत लाखच्या लाख ऑब्जेक्ट जिवंत, आणि कलेक्टर हात हलवत परत जातो. दहा ओळींच्या टेस्टमध्ये यातलं काहीच दिसत नाही. लूपच्या आत पहिल्याच ओळीवर आणखी एक हँडलस्कोप टाकलास की प्रश्न मिटला. आतलं एखादं हँडल बाहेर द्यायचं असेल तर एस्केपेबल हँडलस्कोप वापर, नाहीतर मेलेलं हँडल बाहेर जाईल. आणि हेही लक्षात ठेव: जावास्क्रिप्टनं तुझ्या नेटिव्ह फंक्शनला बोलावलं तर व्ही-एट स्वतः स्कोप उघडून देतं, पण टायमर किंवा सॉकेटमुळे तुझा कोड आपण होऊन चालू झाला तर तो तूच उघडायचा असतो.

फंक्शन संपल्यावरही ऑब्जेक्ट हवा असेल तर ग्लोबल हँडल. जुन्या कोडमध्ये तुला पर्सिस्टंटही दिसेल. तो नष्ट झाला तरी नेहमीच्या रूपात आपण होऊन रिकामा होत नाही, रीसेट हातानं करावा लागतो. ग्लोबल मात्र स्वतःच्या डिस्ट्रक्टरमध्ये रीसेट होतं. तू ग्लोबलच वापर, तेही हात आखडून. प्रत्येक ग्लोबल म्हणजे तू कलेक्टरला ‘याला हात लावायचा नाही’ असं बजावणं. ते कधी मागे घेणार हे माहीत नसेल तर मुळात बजावू नकोस.

यापुढचा भाग मात्र शांतपणे वाच, कारण बहुतेकांच्या नाकी नऊ इथेच येतात. समज, तुझा एक नेटिव्ह इमेज ऑब्जेक्ट आहे आणि जावास्क्रिप्टच्या बाजूला त्याचा रॅपर. रॅपरच्या इंटर्नल फील्डमध्ये नेटिव्ह पॉइंटर आहे. नेटिव्ह बाजूनं रॅपरवर वीक हँडल आहे, म्हणजे रॅपर मेला की तुला हाक येते आणि तू इमेज सोडतेस. इथवर सगळं बरोबर. मग कोणीतरी म्हणतं, इमेज लोड झाल्यावर एक कॉलबॅक बोलावू या. तू तो कॉलबॅक इमेजच्या आत ग्लोबलमध्ये ठेवतेस. त्या कॉलबॅकच्या क्लोजरमध्ये तोच रॅपर अडकलेला असतो. झालं! इमेज कॉलबॅकला धरून बसली, कॉलबॅक रॅपरला, आणि रॅपर गेल्याशिवाय इमेज जाणार नाही. दाराशी उभे राहून ‘तुम्ही निघालात की मी निघतो’ म्हणणाऱ्या दोन पाहुण्यांसारखं हे, कोणीच निघत नाही. कलेक्टर बिचारा काय करणार, ग्लोबलच्या पलीकडे इमेजच्या आत काय चाललंय हे त्याला दिसतच नाही.

हा आजार जुना आहे. रेडमंडच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये पानावरचे घटक कॉमच्या संदर्भमोजणीवर जगायचे आणि जेस्क्रिप्ट आपल्या कलेक्टरवर. एखाद्या बटणाला ऑनक्लिक लावलं आणि त्या क्लोजरनं बटणच धरलं की पान सोडून गेलं तरी मेमरी अडकलेलीच. असे फेरे सोडवण्यासाठी मोझिलानं २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये खास सायकल कलेक्टर आणला. ॲपलनं २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर जेएसमॅनेज्डव्हॅल्यू दिली. क्रोमनं तर ऑइलपॅन या नावानं सी-प्लस-प्लसच्या ऑब्जेक्टनाच कलेक्टर दिला, आणि तो आता व्ही-एटमध्येच आहे. तुला एवढं लागणार नाही. कॉलबॅक ग्लोबलमध्ये न ठेवता रॅपरवरच, एखाद्या प्रायव्हेट प्रॉपर्टीत ठेव. मग सगळा फेरा कलेक्टरच्या नजरेसमोर येतो आणि तो सगळाच्या सगळा उचलतो.

त्याच इमेजचं आणखी एक. चार हजार बाय तीन हजार पिक्सेल, पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. इंजिनला दिसतो फक्त चिमुकला रॅपर. त्याला वाटतं मेमरी भरपूर आहे, घाई कशाला? म्हणून बाहेर किती मेमरी घेतलीस ते व्ही-एटला सांगावं लागतं, आणि सोडलीस की तेवढीच वजाही करावी लागते.

वीक कॉलबॅकच्या भरवशावर फाइल, सॉकेट किंवा डेटाबेस कनेक्शन कधीच सोडू नकोस. हाक केव्हा येईल सांगता येत नाही, आणि आयसोलेट, म्हणजे तू चालू केलेली व्ही-एटची प्रत, बंद होताना ती येईलच असंही नाही. जावास्क्रिप्टच्या २०२१ च्या मानकात फायनलायझेशन रजिस्ट्री आली, तिनंही तशी हमी दिलेली नाही. सरळ क्लोज नावाचं फंक्शन दे आणि ते बोलवायलाच लाव. हाक आली तर पहिल्या कॉलबॅकमध्ये फक्त हँडल रीसेट कर, बाकीचं काम दुसऱ्या टप्प्यातल्या कॉलबॅकवर ढकल. जिवंत नेटिव्ह ऑब्जेक्टची एक यादी तुझी तू ठेव. ॲप बंद होताना आधी ती यादी रिकामी कर, मग सगळे ग्लोबल, आणि शेवटी आयसोलेट. हा क्रम उलटा झाला की ‘बंद करताना क्रॅश होतं, पण चालतं’ असं म्हणून लोक वर्षानुवर्षं ते बग तसेच ठेवतात. ते चालवून घेऊ नकोस.

उद्या इंजिन बदललं तर नियमही बदलतील. क्विकजेएसमध्ये संदर्भ मोजले जातात. प्रॉपर्टी वाचलीस तर आलेली व्हॅल्यू तू सोडायची, प्रॉपर्टी सेट केलीस तर दिलेली व्हॅल्यू इंजिन घेतं. ॲपलच्या जावास्क्रिप्टकोअरमध्ये स्टॅकवरची व्हॅल्यू सुरक्षित असते, पण तीच मॅलॉकच्या मेमरीत ठेवलीस तर प्रोटेक्ट करावी लागते.

हे सगळं नुसतं मेमरी वाचवण्यासाठी नाही, बरं का. क्रोमियमच्या टीमनं २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या गंभीर सुरक्षा-बगांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमुळे होते, आणि त्यातले निम्मे सोडलेली मेमरी पुन्हा वापरल्यामुळे. तू लवकर सोडलेला एक पॉइंटर कोणाच्या तरी कॉम्प्युटरचं दार उघडतो. म्हणून टेस्ट ॲड्रेससॅनिटायझर लावूनच चालव, आणि एक्स्पोज-जीसी हा फ्लॅग लावून मधेमधे मुद्दाम कलेक्टर बोलाव. जे फुटायचं ते तुझ्यासमोर फुटू दे.

शेवटचं, आणि हे कोडबद्दल नाही. एच-वन-बीवर नवीन आलेल्या आपल्या मुली रिव्ह्यूमध्ये गप्प बसतात, हे मी इथे बे एरियात सारखं बघते. प्रश्न विचारला तर आपल्याला येत नाही असं वाटेल, ही धास्ती. पण ‘हा ऑब्जेक्ट कोणाच्या मालकीचा?’ हा प्रश्न या कामात अनुभवी माणसंच जास्त विचारतात. तू प्रत्येक वेळी विचार. उत्तर मिळालं नाही तर कोड मर्ज होऊ देऊ नकोस, समोर कोणीही असो. हेडरमध्ये प्रत्येक हँडलवर एक ओळ लिही: कोण धरतं, कोण सोडतं. कोड मला पाठवू नकोस, तो कंपनीचा आहे. पण कुठे अडलीस तर फोन कर. तुझं आणि माझं घड्याळ एकच आहे, आणि मी उशिरापर्यंत जागी असते.